‘विना ऑपरेशन’ कोणासाठी नाही?

ठाणे, डोंबिवली किंवा कल्याण स्टेशनातून बाहेर पडल्यावर रिक्षा स्टँडपर्यंत जाईतो एखादी तरी पाटी दिसते: ‘मूळव्याध, फिशर, भगंदर. विना ऑपरेशन, विना वेदना.’ या पट्ट्यात अशा जाहिरातींना गिऱ्हाईक कमी नाही. सकाळची जलद लोकल गाठायची म्हणून घाईघाईत उरकलेले किंवा दाबून ठेवलेले शौच, लोकलमध्ये स्वच्छतागृह नाही म्हणून मोजूनमापून प्यायलेले पाणी, दिवसभर खुर्ची आणि संध्याकाळी वडापाव. या रहाटीत बद्धकोष्ठता होते, कुंथावे लागते आणि गुदद्वाराच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या सुजून खाली सरकतात. त्यालाच आपण कोंब किंवा मोड म्हणतो.

ऑपरेशनशिवाय करायचे उपचार आहेत, ते शास्त्रीय आहेत आणि बऱ्याच रुग्णांना पुरतात. पण ‘विना ऑपरेशन’ म्हटले की माणूस पुढचे स्वतःच जोडतो: म्हणजे धोका नाही, कोणालाही चालेल, करून तर बघू. इथेच गडबड होते. हे उपचार रुग्ण पारखून करायचे असतात. कोणाला करायचे नाहीत किंवा निदान आत्ता करायचे नाहीत, हे ठाऊक असले तर पैसा आणि कधीकधी जीवही वाचतो. हा लेख त्याबद्दल आहे.

आधी उपचार समजून घ्या

शस्त्रक्रिया नसलेल्या उपचारांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिला घरच्या घरी करण्याचा: जेवणात चोथा, भरपूर पाणी, इसबगोल, कोमट पाण्यात बसणे, मलम, गोळ्या. दुसरा दवाखान्यात करण्याचा. त्यात तीन पद्धती नेहमीच्या आहेत. कोंबाच्या मुळाशी छोटे रबर बँड चढवतात. रक्तपुरवठा तुटून कोंब सुकतो आणि साधारण पाच ते दहा दिवसांत गळून पडतो. दुसऱ्या पद्धतीत कोंबाच्या मुळाशी औषधाचे इंजेक्शन देऊन तो आकसवतात. तिसरीत इन्फ्रारेड किरणांच्या उष्णतेने तेच साधतात. यांपैकी कशालाच सहसा भूल लागत नाही आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

लेझर या यादीत बसत नाही. लेझर आणि स्टेपलर या शस्त्रक्रियाच आहेत. बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन किंवा पूर्ण भूल देऊन त्या करतात. कापाकापी कमी असते, पण भुलीची तपासणी, उपाशीपोटी येणे, संमतिपत्र हे सगळे त्यात येते. त्यामुळे ‘विना ऑपरेशन लेझर’ असे कोणी म्हणाले तर ‘भूल कोणती देणार?’ एवढे विचारा. उत्तरातून बरेच कळते.

सर्वांत आधी थांबावे ते निदान न झालेल्यांनी

शौचातून रक्त येते म्हणजे मूळव्याधच, हे आपल्याकडचे घरगुती निदान. बहुतेकदा ते बरोबरही निघते. पण गुदाशयाच्या किंवा मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही सुरुवातीला रक्तच पडते आणि तेही दुखल्याशिवाय. शिवाय एकाच माणसाला कोंब आणि कर्करोग दोन्ही असू शकतात. कोंब दिसला म्हणून आत दुसरे काही नाही, असे होत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१७ साली या कर्करोगाच्या ८०० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्या रुग्णांचे सरासरी वय ४७च्या आसपास होते. पाश्चात्त्य देशांत हा आजार साठीनंतरचा मानला जातो. म्हणून ‘मी अजून चाळिशीतच आहे’ हा दिलासा आपल्याकडे पुरेसा नाही.

पुढीलपैकी एक जरी गोष्ट असेल तर बँड, इंजेक्शन आणि चूर्ण सगळे बाजूला ठेवा आणि आधी दुर्बिणीची तपासणी करून घ्या:

- शौचाची सवय काही आठवड्यांत बदलली आहे. कधी घट्ट, कधी पातळ, किंवा जाऊन आले तरी पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही.
- रक्त शौचात मिसळलेले, गडद किंवा काळसर आहे, किंवा सोबत शेंब पडते.
- वजन घटते आहे, भूक मंदावली आहे, हिमोग्लोबिन कमी झाले आहे.
- आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कोणाला आतड्याचा कर्करोग झाला होता.
- वय ४५च्या पुढे आहे आणि रक्त पहिल्यांदाच दिसले आहे.

यातले काहीच नसले तरी बोटाने तपासणी आणि प्रॉक्टोस्कोप घालून आत पाहणे ही किमान पायरी आहे. तिला पाच मिनिटे लागतात. ती न करता कोणी थेट उपचाराची रक्कम सांगत असेल, तर तिथून उठावे. संकोचापायी वर्षानुवर्षे फोटो दाखवून किंवा फोनवर सांगून औषध आणणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे. विशेषतः बायका हे दुखणे घरातही बोलत नाहीत. स्त्री डॉक्टर हवी असेल तर तसे मागून घेण्यात गैर काही नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर

अँजिओप्लास्टी झालेले, हृदयाची झडप बदललेले, पक्षाघात होऊन गेलेले किंवा पायात गाठ होऊन गेलेले अनेकजण अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन, असिट्रोम किंवा रिव्हारोक्साबानसारखी औषधे घेत असतात. रबर बँडसाठी ही मंडळी जोखमीच्या गटात मोडतात. कारण साधे आहे. बँड चढवतानाच्या रक्तस्रावाची फारशी भीती नसते. खरी भीती कोंब गळून पडतो तेव्हाची. तिथे छोटी जखम राहते आणि उपचारानंतर साधारण एक ते दोन आठवड्यांच्या दरम्यान तिच्यातून अचानक मोठा रक्तस्राव होऊ शकतो.

त्यामुळे ‘आदल्या दिवशी गोळी घेतली नाही, आता चालेल’ हा हिशेब चुकतो. गोळी पुन्हा सुरू होते आणि नेमका तेव्हाच कोंब गळतो. उलट बाजूने, स्टेंट नवा असताना स्वतःच्या मनाने गोळी थांबवली तर स्टेंट बंद होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. मूळव्याधीपायी हा सौदा परवडणारा नाही. निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक दोघांनी मिळून घ्यायचा. बरेचदा काही महिने औषध-आहारावर काढून मग उपचार करणे हाच शहाणपणा ठरतो. हिमोफिलिया, प्लेटलेट कमी असणे यांसारखे रक्त न गोठण्याचे विकार असलेल्यांनाही हेच लागू. नुकताच डेंग्यू होऊन गेला असेल तर तो सांगा आणि प्लेटलेट पूर्ववत झाल्याचा अहवाल हाती येईपर्यंत थांबा.

प्रतिकारशक्ती कमी असेल तर

साखर ताब्यात नसलेला मधुमेह, केमोथेरपी, मूत्रपिंड किंवा यकृताचे प्रत्यारोपण, दीर्घकाळ चालू असलेले स्टिरॉइड, उपचाराखाली नसलेला एचआयव्ही: या लोकांत बँड किंवा इंजेक्शननंतर ओटीपोटात जंतुसंसर्ग पसरण्याचा धोका असतो. असे क्वचित होते, पण झाले तर जीवावर बेतते. त्याची तीन लक्षणे पाठ करून ठेवण्यासारखी आहेत: कमी होण्याऐवजी वाढत जाणारी वेदना, ताप आणि लघवी अडणे. तिन्ही जमण्याची वाट पाहायची नाही. एक दिसताच रुग्णालय गाठायचे.

मधुमेह आहे म्हणून उपचार कायमचा बंद असा याचा अर्थ नाही. आधी साखर आटोक्यात आणा, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी करा आणि मग तारीख ठरवा. जाहिरात सांगते ‘आजच या’. तुमची साखर सांगत असेल ‘दोन महिन्यांनी’, तर साखरेचे ऐका.

यकृताचा आजार असेल तर

दारूमुळे, हिपॅटायटिस बी किंवा सीमुळे किंवा यकृतावरील चरबी वाढत जाऊन सिरोसिस झालेल्यांच्या गुदाशयातील शिरा फुगतात. बाहेरून त्या कोंबासारख्या वाटतात, पण त्या कोंब नव्हेत. मागे यकृताकडून येणारा मोठा दाब असतो. त्यांना साधे कोंब समजून बँड लावला तर न थांबणारा रक्तस्राव होऊ शकतो. पोटात पाणी, डोळ्यांत पिवळेपणा, रक्ताची उलटी किंवा दारूचे जुने व्यसन असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. अशांना पोटविकारतज्ज्ञाने पाहिल्याशिवाय कोणीही हात लावता कामा नये.

गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर

शेवटच्या तीन महिन्यांत गर्भाशयाचा दाब आणि बद्धकोष्ठता यांमुळे कोंब होणे अगदी नेहमीचे आहे आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ते बहुतेकदा आपोआप बसतात. म्हणून या काळात बँड, इंजेक्शन, आयुर्वेदातला क्षार वगैरे टाळणेच बरे. चोथा, पाणी, कोमट पाण्याचा शेक आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेले मलम एवढ्यावर भागवावे. एरंडेल, सोनामुखी किंवा शेजारणीने आणून दिलेली पुडी घेऊ नये. बाळंतपणानंतर दोनेक महिने झाले तरी त्रास राहिला तर मग तपासणी करून ठरवावे. मात्र न थांबणारा रक्तस्राव किंवा असह्य वेदना असेल तर ‘आता गरोदर आहे’ म्हणून अंगावर काढू नये.

कोंब कोणत्या पायरीचा आहे?

आतल्या कोंबांच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत फक्त रक्त येते. दुसरीत शौचाच्या वेळी कोंब बाहेर येतो आणि आपला आपण आत जातो. तिसरीत तो बोटाने आत ढकलावा लागतो. चौथीत तो बाहेरच राहतो. इंजेक्शन आणि इन्फ्रारेड पहिल्या दोन पायऱ्यांना शोभतात. बँड तिसऱ्या पायरीपर्यंत चालतो. चौथ्या पायरीच्या रुग्णाने यात पैसे घालवू नयेत; त्याला शस्त्रक्रियाच लागते आणि तसे स्पष्ट सांगणारा डॉक्टर त्याच्या हिताचे सांगत असतो.

बाहेरच्या कोंबांना बँड लावतच नाहीत. गुदद्वाराच्या आत एका रेषेपर्यंत त्वचेसारखी संवेदना असते, तिच्या वर नसते. बँड त्या रेषेच्या वर बसला तर जडपणा जाणवतो. खाली बसला तर रुग्ण टेबलावरच ओरडतो. बाहेरच्या कोंबात रक्ताची गाठ होऊन एकाएकी निळसर, टणक, अतिशय दुखरी गोळी आली असेल, तर पहिल्या ७२ तासांत छोट्या छेदाने ती काढणे फायद्याचे ठरते. त्यानंतर दुखणे आपोआप उतरू लागते, म्हणून मग वेदनाशामक आणि शेक यांवर काढतात. म्हणजे इथे ‘ऑपरेशन नको’ म्हणत चार दिवस काढणारा माणूस दुखण्याचे सर्वांत वाईट दिवस विनाकारण सोसतो.

शेजारी दुसरा आजार असेल तर

गुदद्वाराला चीर असेल तर शौचाच्या वेळी काच कापत गेल्यासारखे दुखते. तिचा उपचार वेगळा. पू येत असेल तर भगंदर किंवा गळू असू शकते आणि वारंवार होणाऱ्या भगंदरामागे क्षय तर नाही ना, हे आपल्या देशात पाहावे लागते. क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस जोरात असताना कोंबाला हात लावला तर जखम भरत नाही. गर्भाशयमुखाच्या किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी किरणोपचार झालेल्यांचे गुदाशयही असेच नाजूक झालेले असते. या सर्वांनी जुने कागद सोबत न्यावेत.

काही लहान वाटणाऱ्या गोष्टीही सांगायच्या असतात. हातमोजे किंवा फुगा यांमुळे अंगाला खाज सुटत असेल तर लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असू शकते; लॅटेक्स नसलेले बँड मागावेत. इंजेक्शनचे एक जुने औषध बदामाच्या तेलात मिसळलेले असते, म्हणून सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी सांगावी. पुरुषांत हे इंजेक्शन पुढच्या बाजूला खोल गेले तर प्रोस्टेटला इजा होते, म्हणून प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी ते अनुभवी हाताकडूनच घ्यावे.

आयुर्वेदातही नकाराची यादी आहे

क्षारसूत्र आणि क्षारकर्म ही आपल्या भागातली लोकप्रिय नावे. क्षारसूत्र म्हणजे निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे थर चढवलेला दोरा. त्याचे मुख्य काम भगंदरात, पण कोंबासाठीही तो वापरतात. सुश्रुतसंहितेने अर्शावर, म्हणजे मूळव्याधीवर, औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत. त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात क्षार कोणाला लावू नये हेही सांगितले आहे: दुर्बल, बालक, वृद्ध, गर्भवती, तापाने फणफणलेला, रक्तस्रावाचा विकार असलेला, प्रमेही. ही यादी आजच्या यादीशी किती जुळते पाहा. त्यामुळे ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ असे कोणी म्हणाले तर ते खुद्द शास्त्राच्या विरोधात आहे. शल्यतंत्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला वैद्य तपासणी करूनच पुढे जातो आणि नको असेल तिथे नको म्हणतो.

खरा धोका कोणतीच पदवी नसलेल्यांचा. नाव न सांगता टोचलेल्या इंजेक्शनाने मांस सडणे, गुदद्वार आकसून शौच अडणे, शौचावरचा ताबा जाणे, हे शल्यचिकित्सकांना पाहावे लागते आणि ते दुरुस्त करणे मूळ मूळव्याधीपेक्षा कितीतरी अवघड असते. अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, वैद्यांची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.

घरगुती उपायही सर्वांना नाहीत

इसबगोल निर्धोक समजले जाते, पण ते पेलाभर पाण्याबरोबर घेतले नाही तर उलट अडकते. गिळायला त्रास होणाऱ्यांनी आणि आतडे अरुंद झालेल्यांनी ते घेऊ नये. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे त्यांनी आधी विचारावे. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. स्टिरॉइड असलेले मलम आठवडाभराच्या पुढे मनाने लावू नये. तिथली त्वचा पातळ होते. पाय बधिर झालेल्या मधुमेहींनी शेकाचे पाणी दुसऱ्याकडून तपासून घ्यावे, कारण चटका बसला तरी त्यांना कळत नाही. सुरण आणि ताक जेवणात जरूर असावे, पण तिसऱ्या पायरीचा कोंब त्याने जाणार नाही. लेबल नसलेले चूर्ण तर कोणीच घेऊ नये.

गावी जायचे असेल तर

‘गणपतीला जायच्या आधी उरकून टाकू’ हे वाक्य ऑगस्टमध्ये दवाखान्यांत ऐकू येते. नेमके हेच करू नये. बँड लावल्यापासून दोन आठवडे रक्तस्रावाचा धोका असतो. त्या काळात तुम्ही मुंबई-गोवा महामार्गावर रात्रीच्या वाहतूक कोंडीत असाल किंवा सर्वांत जवळचे रुग्णालय तीस किलोमीटरवर असलेल्या वाडीत असाल, तर बारीकसा प्रसंग मोठा होतो. वारी, चारधाम, विमानप्रवास यांनाही हाच नियम. दोन आठवडे घराजवळ राहता येईल आणि रात्री-अपरात्री रुग्णालयात नेणारे कोणी सोबत असेल, अशीच तारीख निवडा. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांनी हे आधीच ठरवून ठेवावे.

कुठे जावे, काय विचारावे

खाजगी शल्यचिकित्सक परवडत नसेल तर कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. त्याला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले असल्याने तिथे शल्यचिकित्सा विभाग आहे. ठाण्याचे जिल्हा रुग्णालय, म्हणजे लोकांचे ‘सिव्हिल’, आणि उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय ही सरकारी ठिकाणे. कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही महापालिकेची रुग्णालये. तिथे शल्यचिकित्सकांचा वार कोणता, हे आधी विचारून जावे.

जाताना चालू गोळ्यांची पाकिटेच पिशवीत टाका. नावे आठवत बसू नका. सोबत हिमोग्लोबिन, प्लेटलेट, साखर आणि असतील तर यकृताचे अहवाल ठेवा. उपचाराआधी पाच प्रश्न विचारा: माझा कोंब कोणत्या पायरीचा आहे? आत दुसरे काही नाही याची खात्री कशी केली? माझ्या गोळ्यांचे काय करायचे? हे किती वेळा करावे लागेल? आणि रात्री दोन वाजता रक्त थांबले नाही तर मी कोणाला फोन करायचा? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसलेल्या ठिकाणी बँड लावून घेऊ नका.

उपचारानंतर एक-दोन दिवस जडपणा आणि थोडे रक्त अपेक्षित असते. भांडे लाल होईल इतके रक्त किंवा गुठळ्या पडल्या, चक्कर आली, ताप चढला, वेदना वाढत गेली किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात जा. वाहन नसेल तर १०८ला फोन करा.

वर सांगितलेल्यांपैकी बहुतेकांसाठी उत्तर ‘कधीच नाही’ असे नाही, ‘आत्ता नाही’ असे आहे. साखर उतरली, बाळंतपण झाले, स्टेंटची मुदत उलटली, दुर्बिणीचा अहवाल स्वच्छ आला, की यातल्या पुष्कळांना ऑपरेशनशिवायच बरे होता येते. तोवर थांबणे हाही उपचाराचाच भाग आहे. त्यामुळे पाटीवरचा फोन नंबर टिपून घेण्याआधी एकदा तपासणीच्या टेबलावर जा. पैसे त्यानंतरच मोजा.